पहिले दहा मीटर: उथळ प्रवाळखडकावर स्कूबा करताना नेमकं काय घडतं

स्कूबा करून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती खोल गेला होतास?" उत्तर "आठ मीटर" असं आलं की विचारणाऱ्याचा उत्साह मावळतो. आठ मीटर म्हणजे जेमतेम अडीच मजले. एवढ्यासाठी पाठीवर टाकी बांधायची? मीही सुरुवातीला हा आकडा जरा फुगवून सांगायचो. आता सांगत नाही. प्रवाळखडकावर, म्हणजे रीफवर, बघण्यासारखं जे काही असतं त्यातलं बरंचसं पहिल्या दहा-बारा मीटरांतच सापडतं. त्याच्या खाली रंग विटत जातात, हवा भराभर संपते आणि थांबायची मुदतही आखडते. नवशिक्यांना उथळ रीफवर नेतात ते उरलंसुरलं त्यांच्या पदरात टाकायचं म्हणून नव्हे.

फक्त एका बाबतीत उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा जास्त खोडसाळ असतं, आणि ते उतरण्याआधी कळलेलं बरं. त्याकडे येतोच. आधी हा खडक असा उजेडाला चिकटून का असतो ते पाहू.

दगड, झाड की प्राणी?

प्रवाळाच्या बाबतीत तिन्ही उत्तरं थोडीथोडी बरोबर आहेत, म्हणूनच माणसं शतकानुशतकं गोंधळली. फांद्या फुटतात म्हणून लोक त्याला वनस्पती समजत. 1720 च्या दशकात झाँ-आंद्रे पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या पोवळ्याच्या फांद्या बारकाईने पाहिल्या. त्यांवरची 'फुलं' उमलत होती आणि हात लागला की आक्रसून घेत होती. फुलं असं करत नाहीत. हे प्राणी आहेत असं त्याने पॅरिसच्या विद्वानांना कळवलं, तर ते त्यांच्या पचनी पडलं नाही. खरा तोच होता.

ती 'फुलं' म्हणजे पॉलिप. बहुतेक जातींमध्ये एक पॉलिप जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. मऊ पिशवीसारखं अंग, वर एकच तोंड, तोंडाभोवती बोटांसारख्या सोंडांचं कडं. जेलीफिश आणि समुद्रफुलं ही त्याची जवळची भावकी. हा जीव समुद्रातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःच्या बुडाखाली चुनखडीची बैठक बांधतो. शेजारी दुसरा, त्याच्याशेजारी तिसरा, असे हजारो पॉलिप एकमेकांना जोडलेले. आपण पाहतो तो 'दगड' म्हणजे त्यांनी बांधलेली चाळ, आणि राहती वस्ती फक्त बाहेरच्या पातळ सालीवर. आतलं सगळं जुनं, रिकामं बांधकाम.

आता झाडाचा भाग. पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. काही प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंतची ऊर्जेची गरज अशी भाडेकरूकडून भागते. बदल्यात शैवालाला राहायला सुरक्षित जागा आणि पॉलिपच्या उत्सर्जनातलं खत मिळतं. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंगही बऱ्याचदा या भाडेकरूचाच असतो. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरू शकतं. जगभर एकाच वेळी ब्लीचिंग होण्याची चौथी लाट 2024 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली, त्यामुळे आज कुठल्याही रीफवर उतरलात तरी असे पांढरे फटक ठिपके दिसू शकतात.

उथळपणाचं कारण आता लक्षात आलं असेल. भाडेकरूला ऊन लागतं, म्हणून चाळ उन्हातच बांधावी लागते. पाणीही नितळ लागतं, गाळ चालत नाही. बांधकाम मात्र अतिशय संथ चालतं. घुमटासारखी गोल, भरीव प्रवाळं वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांच्या जाती वेगवान, त्या वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून थोड्या जास्तही वाढू शकतात, पण मोडतातही तितक्याच पटकन. म्हणजे माणसाच्या उंचीचा गोल खडक दिसला तर तो साधारण दोनशे वर्षांचा असू शकतो, हे त्याच्या शेजारून जाताना ध्यानात असू द्यावं.

इतके मासे येतात कुठून?

इथे एक कोडं आहे. नितळ पाणी म्हणजे ज्यात तरंगतं अन्न फारसं नाही असं पाणी. हिशेबाने तिथे ओसाड असायला हवं. पण समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या खडकांवर समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी सुमारे पाव जाती कधी ना कधी आसरा घेतात.

याचं एक उत्तर काटकसरीत आहे. रीफवर काहीच वाया जात नाही. माशांची विष्ठा प्रवाळाला खत होते, प्रवाळाने सोडलेला चिकट द्राव जिवाणूंना आणि स्पंजांना पोसतो, स्पंजांचा चुरा खेकडे-किडे खातात, त्यांना मासे. तेच ते पोषण हातोहात फिरत राहतं. दुसरं उत्तर घरांचं. सपाट वाळूवर लपायला जागा नसते. प्रवाळखडकावर प्रत्येक फांदीखाली कोनाडा, प्रत्येक घुमटाखाली पोकळी. दिवसपाळीचे मासे संध्याकाळी आत शिरतात तेव्हा रात्रपाळीचे त्याच बिळांतून बाहेर पडतात. एका खोलीला दोन भाडेकरू.

पाठीवर काय असतं

टाकीत ऑक्सिजन असतो असा फार मोठा गैरसमज आहे. टाकीत असते आपली रोजचीच हवा, गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू शकतो, तेव्हा तो नसतो हेच बरं.

साधारण बारा लिटरची टाकी आणि दोनशे बारचा दाब, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट, धरला, तर आत 2400 लिटर हवा मावते. जवळजवळ तीन किलो. हवेलाही वजन असतं हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, इथे ते पाठीवर कळतं.

ही दाबलेली हवा थेट तोंडात घेतली तर फुप्फुसं फाटतील. मधे रेग्युलेटर असतो. त्याचा पहिला टप्पा टाकीच्या तोंडावर बसतो आणि दोनशे बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण दहा बार जास्त इतकाच ठेवतो. दुसरा टप्पा तुमच्या दातांत धरलेला असतो. तुम्ही श्वास ओढला की आतला पडदा वाकतो, तरफ दाबली जाते आणि तिथल्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा आत येते. श्वास सोडला की झडप बंद, बुडबुडे बाहेर. 'मागाल तेव्हाच मिळेल' हे यातलं खरं डोकं. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असा रेग्युलेटर पाण्याखाली चालवून दाखवला. गान्यां हा गॅस कंपनीतला इंजिनिअर. युद्धामुळे पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायची वेळ आली होती, आणि त्यासाठी केलेल्या झडपेलाच त्याने पाण्यात नेलं.

बाकी सामान सांगायला फार वेळ लागत नाही. मास्कमुळे डोळ्यांपुढे हवेचा कप्पा राहतो, म्हणून स्पष्ट दिसतं. मात्र पाणी, काच आणि हवा यांतून प्रकाश वाकतो आणि वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या वाटतात. बोटभर माशाचा हातभर मासा होऊन सगळ्या गप्पांत येतो तो इथूनच. पायांत फिन्स. अंगात वेटसूट, कारण पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. कोमट वाटणाऱ्या पाण्यातही पाऊण तासाने दात वाजायला लागतात. वर बीसीडी नावाचं जॅकेट, ज्यात हवा भरता-सोडता येते. आणि कमरेला शिसं.

आता ती खोड

पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. आकडे सरळ रांगेत वाढतात, म्हणून वाटतं की त्रासही त्याच प्रमाणात वाढेल. तसं होत नाही.

हवेने भरलेला एक फुगा वरून खाली नेतोय असं समजा. दहा मीटरवर तो अर्धा होतो. वीसवर तिसरा हिस्सा, तीसवर चौथा. म्हणजे तीसवरून वीसवर येताना तो फक्त एक तृतीयांशाने फुगतो, पण दहावरून वर येताना चक्क दुप्पट होतो. सगळ्यात मोठा बदल शेवटच्या दहा मीटरांत, आणि त्यातही वरच्या पाचांत. आपल्या शरीरातल्या हवेच्या जागा, म्हणजे कान, सायनस, फुप्फुसं आणि मास्कच्या आतली पोकळी, सगळ्या याच फुग्याच्या नियमाने चालतात. उथळ रीफ म्हणजे नेमका हाच पट्टा.

म्हणून स्कूबातला पहिला नियम: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पोहताना आपण नेमकं उलट शिकलेलो असतो, त्यामुळे हा नियम डोक्याला पटतो पण अंगाला पटायला वेळ लागतो. भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून कुणी मीटर-सव्वा मीटर जरी वर आलं तरी आतली हवा पसरून फुप्फुसाला इजा होऊ शकते आणि बुडबुडे रक्तात शिरू शकतात. मीटर-सव्वा मीटर! जलतरण तलावाची उथळ बाजूही यातून सुटत नाही. इलाज अगदी साधा, तोंडात रेग्युलेटर असताना श्वास चालू ठेवायचा. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर तो परत बसेपर्यंत तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, 'आऽऽ' म्हटल्यासारखे.

दुसरी गोष्ट कानांची. पडद्याच्या बाहेरून पाणी रेटतं, आत मात्र वरचीच हवा असते. आतली हवा वाढवण्याची वाट घशाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून जाते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून नाकातून हळूच फुंकायचं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या आंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. कान 'टक्' करून मोकळे होतात. काहींना नुसती आवंढा गिळण्याने किंवा जबडा हलवण्याने जमतं.

यात चूक कुठे होते ते मी स्वतःच्या कानांवर शिकलो. पहिल्या डाइव्हला खाली एक कासव दिसलं आणि मी सगळं विसरून त्याच्यामागे उतरलो. चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. मग नाक धरून जोर लावला. काही होईना. आणखी जोर. होणार कसं? बाहेरचा दाब एका हद्दीपलीकडे गेला की ती नळी पार मिटून जाते, आणि मग फुंकून काही उपयोग नसतो, उलट जोराने कानाला इजा होते. इन्स्ट्रक्टरने दंड धरून मला दीड मीटर वर नेलं, बोटाने नाकाकडे खूण केली, आणि तिथे एका हलक्या फुंकरीत कान उघडले. कासव अर्थातच निघून गेलं होतं. तेव्हापासून मी पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करतो आणि मग जवळजवळ दर मीटरला, दुखण्याची वाट न बघता. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊनही नाही, कारण गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा आतच अडकते.

मास्कही विसरू नका. तोही खाली जाताना चेहऱ्यावर आवळत जातो. नाकाने मधूनमधून थोडी हवा सोडली की सैल होतो.

उथळपणाचा फायदा आकड्यांत

दाबाचं गणित जितकं खोडसाळ, तितकंच हवेचं गणित उथळ पाण्याच्या बाजूने आहे. दाब दुप्पट असेल तर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते. समजा वर तुम्हाला मिनिटाला वीस लिटर लागतात, आणि बारा लिटरच्या टाकीतले पन्नास बार राखीव ठेवून उरलेले दीडशे वापरायचे, म्हणजे 1800 लिटर. तीस मीटरवर ती बावीस-तेवीस मिनिटांत संपते. वीसवर अर्धा तास. दहावर पाऊण तास. पाच मीटरवर पूर्ण एक तास. नवशिका घाईघाईने श्वास घेतो, त्याला याहून कमी वेळ मिळतो, म्हणून तर त्याने उथळ राहण्यात शहाणपण आहे.

नायट्रोजनचंही तसंच. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि झपकन वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत त्याचे परिणाम आहेत. मधे न थांबता थेट वर येता येईल अशी कमाल मुदत एका प्रचलित तक्त्यात तीस मीटरसाठी 20 मिनिटं दिली आहे, अठरा मीटरसाठी 56 आणि दहा मीटरसाठी 219. दहा मीटरवर तुमची हवा आधी संपेल, मुदत नाही. याचा अर्थ वर कसंही यावं असा मात्र नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला साधारण नऊ मीटरच्या आत ठेवतात, म्हणजे तुमच्याच सगळ्यात लहान बुडबुड्यांच्याही मागे राहायचं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आणि विमानात बसायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान बारा तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास जाऊ द्यायचे.

प्रशिक्षणाशिवाय, इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली जी ओळख-डाइव्ह होते तिची मर्यादा सहसा बारा मीटर असते. पहिला रीतसर कोर्स केला की अठरा. कोर्सआधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण यांबद्दल त्यात खरं लिहावं. तो फॉर्म केंद्राच्या फायलीसाठी नसतो.

फुप्फुसांनी चालवायची लिफ्ट

नवशिका आणि मुरलेला डाइव्हर यांतला फरक लांबूनच ओळखू येतो. नवशिका हातांनी वल्ही मारत असतो. मुरलेला हात दुमडून, आडवा, जागच्या जागी लटकलेला असतो.

हे तरंगणं तीन गोष्टींवर चालतं. शिसं तुम्हाला बुडवतं, जॅकेटमधली हवा उचलते, आणि बारीक जुळवाजुळव फुप्फुसं करतात. एक लिटर जास्त हवा छातीत घेतली की साधारण एक किलोचा उठाव मिळतो. म्हणजे खोल श्वास घेतला की तुम्ही हळूहळू वर सरकता, सोडला की खाली. मधे एक-दोन सेकंद काहीच घडत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. माणूस श्वास घेतो, काही होत नाही असं पाहून जॅकेटमध्येही हवा भरतो, मग दोन्ही एकदम लागू पडतात आणि स्वारी वर निघते. वर जाताना जॅकेटमधली हवा आणखी फुगते, त्यामुळे वेग वाढतो. उथळ पाण्यात हे फार पटकन होतं, कारण फुग्याचा तोच नियम. म्हणून जॅकेटच्या बटणाला अगदी थोडा, चिमटीएवढा स्पर्श करायचा आणि मग थांबून बघायचं.

आणखी एक गंमत. टाकीतले दीडशे बार वापरून झाले की दोन किलोहून जास्त हवा बुडबुड्यांतून गेलेली असते. डाइव्हच्या सुरुवातीला बरोबर असलेलं शिसं शेवटी, नेमकं पाच मीटरवर थांबायच्या वेळी, कमी पडू लागतं. वजनाची चाचणी टाकी जवळजवळ रिकामी असताना घेतात ती यासाठी.

प्रवाळाच्या दृष्टीने तर तरंगता येणं हाच सगळा शिष्टाचार. रीफवर होणारी मोडतोड बहुतेक वेळा हेतुपुरस्सर नसते, ती फिन्सनी होते, मागे वळून न बघता. पाय खाली लोंबले की फिन्सचं टोक फांदीला लागतं, किंवा वाळू उसळून पॉलिपांवर बसते. पाय गुडघ्यात वाकवून, बेडकासारखे बाजूला ढकलले की दोन्ही टळतं. सुटा राहणारा गेज, म्हणजे टाकीतला दाब दाखवणारा काटा, जादा रेग्युलेटर हेही अंगाशी अडकवून ठेवावेत. हात लावू नका हे सांगायला नको, पण त्यात स्वार्थही आहे: प्रवाळाने कापलेली जखम चिघळते, आणि 'फायर कोरल' नावाचा, खऱ्या प्रवाळाचा तोतया असलेला पिवळट जीव अक्षरशः भाजल्यासारखा डंख करतो. उन्हापासून बचावाला मलमापेक्षा लांब बाह्यांचा कपडा बरा. प्रवाळाला घातक मानलं जाणारं ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या मलमांवर प्रशांत महासागरातल्या पलाऊ देशाने 2020 मध्ये बंदी घातली, हवाईने 2021 पासून त्यांची विक्री थांबवली.

खाली गेल्यावर

पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. समुद्र मुका नाही. रीफवर सतत लाह्या फुटल्यासारखा तडतडाट चालू असतो. त्यातला बराचसा बोटाएवढ्या कोळंब्यांच्या चिमट्यांचा. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने येतो, म्हणून तो कुठल्या बाजूने आला हे कानांना ठरवता येत नाही. बोटीचं इंजिन ऐकू आलं की ते नेमकं डोक्यावरच आहे असं वाटतं.

दुसरी जाणवते ती रंगांची. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच-सहा मीटरांतच तो बराचसा मंदावतो, मग नारिंगी, मग पिवळा. वीस मीटरवरचं जग निळं-राखाडी. आठ मीटरवर, ऊन डोक्यावर असताना, अजून बरेच रंग शिल्लक असतात. म्हणून सकाळी उशिरा ते दुपारी लवकर हा वेळ नवशिक्याला चांगला.

मग मासे. एकदम सगळे बघायला गेलं तर काहीच दिसत नाही, नुसती रंगीत गर्दी. एक प्रवाळाचा घुमट निवडावा, त्याच्यापासून दोन मीटरवर थांबावं आणि हलूच नये. दोन-तीन मिनिटांत मासे तुम्हाला विसरतात.

कुरकुर ऐकू आली तर पोपटमासा जवळ आहे. त्याचे दात जुळून चोच झालेली असते, आणि तिने तो खडकावरचं शैवाल, चुन्यासकट, खरवडतो. घशातल्या दुसऱ्या दातांनी चुना दळतो आणि थोड्या वेळाने मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडून चालू लागतो. प्रवाळ-बेटांवरच्या शुभ्र वाळूत या माशांच्या पोटातून गेलेल्या वाळूचा मोठा वाटा असतो. ही माहिती ऐकल्यावर काहींचा त्या वाळूवर लोळण्याचा उत्साह कमी होतो, माझा झाला नाही.

समुद्रफुलात नारिंगी-पांढरे क्लाउनफिश दिसले तर त्यांतला सगळ्यात मोठा निरखून पाहा. ती मादी. त्याखालचा तिचा नर, बाकीचे वयात न आलेले. मादी गेली की तो नरच मादी होतो आणि पुढचा त्याची जागा घेतो. फुलाचे डंख त्यांना लागत नाहीत, ते अंगावरच्या चिकट थरामुळे. घर सांभाळायला हे एवढेसे मासे मास्कवर धावून येतात.

घुमटाच्या एखाद्या कोपऱ्यावर मोठे मासे अकारण ताटकळलेले दिसले तर तिकडे जरूर थांबा. ते सफाईचं ठिकाण. मी एकदा तिथे एक हेकरू, म्हणजे ग्रूपर मासा, पाहिला, माझ्या हाताएवढा लांब. तोंड सताड उघडं, कल्ले फुगवलेले, अंग किंचित तिरकं. बोटभर लांबीचा निळा-काळा पट्टेवाला क्लीनर रास त्याच्या गालावरून सरकत जबड्यात शिरला, आत दोन-तीन ठिकाणी टोचे मारले आणि कल्ल्याच्या फटीतून बाहेर आला. परजीवी आणि मेलेली कातडी हे त्याचं जेवण. मधेच हेकरूने अंग एकदा थरथरवलं, पुरे झालं अशा अर्थाने, आणि तो निघून गेला. मागचा पोपटमासा लगेच पुढे झाला. या धंद्यात भामटेही आहेत: हुबेहूब असेच पट्टे असलेला एक दुसरा मासा जवळ येतो आणि सफाईऐवजी पंखाचा लचका तोडून पळतो.

सावध राहायचं ते मोजक्या जणांपासून. लायनफिशच्या काट्यांत विष असतं, पण तो स्वतःहून अंगावर येत नाही. स्टोनफिश दगडासारखा पडून असतो, म्हणून तळावर उभं राहायचं नाही. बिळातून डोकं काढून जबडा उघडझाप करणारी मोरे ईल धमकावत नसते, श्वास घेत असते. खरा चिडका म्हणजे अंडी राखणारा टायटन ट्रिगरफिश. त्याची हद्द घरट्यापासून वर उघडणाऱ्या नरसाळ्यासारखी असते, त्यामुळे घाबरून वर पळालं तर आपण त्याच्या हद्दीतच राहतो. त्याच्याकडे तोंड ठेवून, फिन्स मधे धरून, आडवं निघून जायचं.

बोलायचं हातांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला म्हणजे ठीक. नुसता अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर जायचंय'. नवशिके खूश होऊन अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना घेऊन वर निघतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की उतरण्याआधी ही एकच खूण मी दोनदा सांगतो. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी बिघडलंय, आणि मग दुसऱ्या हाताने कान, मास्क किंवा जे काय असेल ते दाखवायचं. हवा किती उरली हे विचारायच्या आधी सांगायचं; शंभर बार झाले की परतीची वाट धरायची.

आणि शेवटची तीन मिनिटं. खोल डाइव्हनंतर पाच मीटरवरचा थांबा म्हणजे निळ्या पोकळीत दोरीला लटकून घड्याळाकडे बघत बसणं. उथळ रीफवर तोच थांबा खडकाच्या माथ्याशेजारी घेता येतो. एकदा अशाच थांब्यात, डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर, एका चपट्या दगडाशेजारी नखाएवढी डॅमसेलफिश आपल्या शैवालाच्या शेतीची राखण करत होती. टोमॅटोच्या चकतीएवढा हिरवा तुकडा, बस. तिच्या दहापट मोठा सर्जनफिश चरायला आला, तिने त्याला हुसकावलं. मग माझ्या बुडबुड्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती थेट माझ्या काचेवर येऊन आपटली. बडीने, म्हणजे जोडीच्या डाइव्हरने, तीन बोटं दाखवून अंगठा वर केला, म्हणजे वेळ झाली होती. मी पंजा दाखवून एक मिनिट मागून घेतलं.